तेवीस नावांची यादी

चाळीस शाळांत ग्यानोबा सरांचा नंबर चाळिसावा आला, तेव्हा मी आधी हसले. वाटलं, तक्त्यात कुठंतरी ओळ वरखाली झाली असणार. पुन्हा तपासलं. ओळ बरोबर होती. शेवटच्या शाळेपुढं लाल रंग होता आणि ती शाळा पेमानाईक तांड्याचीच होती.

मी सपना. राहायला हिंगोलीत. अर्थशास्त्रात एम.ए. केलं, नेटच्या परीक्षेत दोनदा आपटले आणि शेवटी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत क्षेत्र अन्वेषक म्हणून चिकटले. पदाचं नाव भारदस्त. काम म्हणजे स्कूटीवरून गावोगाव हिंडायचं, लोकांना नको ते प्रश्न विचारायचे आणि उत्तरं टॅबमध्ये भरायची. वडील रेल्वेत गँगमन होते. जगातल्या प्रत्येक दुखण्यावर शाळा हेच औषध, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळं हा अभ्यास कशावर आहे ते ऐकलं आणि मला तो मनापासून आवडला.

मोजायचं असं होतं, की चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली शिकलेली मुलं मोठेपणी गुन्ह्यांपासून लांब राहतात का. जिल्ह्यातल्या चाळीस शाळा निवडल्या होत्या. प्रत्येक शाळेतली पंधरा वर्षांपूर्वीची चौथीची मुलं शोधायची. आज ती काय करतात, किती शिकली, लग्न झालं का, सगळं लिहायचं. शेवटचा रकाना होता, 'गुन्हा दाखल: होय / नाही'. त्याचं उत्तर कुणी खरं देत नाही, म्हणून ते पोलीस ठाण्यातून घ्यायचं. तसं परवानगीचं पत्र माझ्या पिशवीत होतं. सगळं जुळलं तर सरकारला सांगता आलं असतं, की तुरुंगावर खर्च करण्यापेक्षा शिक्षकांवर करा.

नियम एकच होता, पण कडक. ठाण्यात फक्त नाव आणि जन्मवर्ष द्यायचं. पत्ता आणि फोन नंबर आपल्याजवळून हलता कामा नये. पुण्याच्या मॅडमनी हे प्रशिक्षणात तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी मनात म्हणाले, कळलं हो बाई.

कनेरगाव नाक्यापासून आत सहा किलोमीटरवर पेमानाईक तांडा. दोन खोल्यांची शाळा, बाहेर हापसा, आत एकतीस मुलं. एप्रिलमध्ये मी पोचले, तेव्हा ग्यानोबा सर लिंबाखाली वर्ग घेत होते. छप्पन वर्षांचा माणूस, मूळचे आखाडा बाळापूरचे, नाक्यावर खोली करून राहणारे. चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. मी कशाला आले ते सांगितलं, तर त्यांनी पहिला प्रश्न मलाच विचारला.

"बाकीच्या शाळांत किती जण सापडले, ताई?"

"विसातले आठ-नऊ."

"आपले समदे घावतेत," ते म्हणाले आणि कपाटातून एक जाडजूड वही काढली.

ती वही कशी तयार झाली ते सांगायला हवं. तांड्यातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कोण कुठल्या टोळीत गेलं, कुठल्या कारखान्यावर, मुकादम कोण, फोन कुणाचा, हे सर दर वर्षी घरोघर फिरून लिहून घेत. मुलांना शाळेत परत आणायचं तर ती आहेत कुठं हे माहीत पाहिजे, एवढाच त्यांचा हिशेब. पुढं ती मुलं मोठी झाली, शाळा सोडून गेली, तरी सरांची सवय सुटली नाही. नंबर बदलला की लोक आपणहून सरांना कळवायचे. एवढा विश्वास मी माझ्या बापाचाही कमावलेला नाही.

सरांनी माझ्यासाठी दोन ताव कागदांवर यादी उतरवली. चौथीच्या लागोपाठ दोन वर्षांच्या तुकड्या, मिळून तेवीस मुलं, आणि तेवीसच्या तेवीस सापडलेली. नाव, आईचं नाव, आता राहतो कुठं, करतो काय, फोन. लिहिता लिहिता कौतुक चालू होतं.

"हा प्रेमदास. पुण्याला टेम्पो चालवून राहिला, सोताचा. ही पुजा, दवाखान्यात सिस्टर हाय. आन् ही बघा, निलम." इथं त्यांनी पेन खाली ठेवला. "डी.एड. केलं, टीईटी काढली, भरतीत नंबर लागला. सोळा जूनला शाळेवर हजर व्हायचं तिला. आपल्या तांड्यातली पहिली मास्तरीण, ताई."

हे त्यांनी मला त्या दिवशी तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा नव्यानं सांगितल्यासारखं सांगितलं. मग निलमलाच बोलावणं गेलं. चोवीस वर्षांची पोरगी, बारीक, बोलायला तिखट.

"ताई, ह्याच्यात आमचा फायदा काय?" तिनं थेट विचारलं.

"अभ्यास तुमच्यावर नाही, सरांवर आहे."

"मंग चांगलं लिवा. ह्यांना परत आणायला लई तकलीफ पडली आमाला."

कसली तकलीफ, ते मी विचारलं नाही. माझ्या फॉर्ममध्ये तसा प्रश्न नव्हता.

दोन दिवसांनी मी ठाण्यात गेले. कॉम्प्युटरचं काम उत्तमसिंग हवालदारांकडं होतं. माणूस वाईट नव्हता. पंखा माझ्याकडं वळवला, चहा सांगितला. मी नावं आणि जन्मवर्षं दिली. अख्ख्या तांड्यात आडनावं तीनच, राठोड, चव्हाण आणि आडे. आणि त्या हद्दीत असे तांडे नऊ.

"मॅडम, प्रेमदास राठोड माझ्याकडं पाच हैत," हवालदार म्हणाले. "जन्मवर्ष आमच्या रेकॉर्डला कुठं बराबर राहते? आईचं नाव, गाव, फोन, काहीतरी द्या. न्हाई तर दुसऱ्याच्या नावावर केस चढायची."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आठवड्यात आणखी दोन ठाणी करायची होती, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि माझ्या हातात जिल्ह्यातली सगळ्यात चोख यादी होती. मी त्या दोन कागदांचे फोटो काढले आणि हवालदारांच्या व्हॉट्सॲपवर पाठवले. पाच सेकंदांचं काम. अर्ध्या तासात उत्तर आलं. तेविसांपैकी नऊ जणांपुढं होय. मी हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि स्कूटीला किक मारली.

तर असा हा चाळिसावा नंबर. एकोणचाळिसाव्या शाळेत दोन होय होते आणि सरांच्या शाळेत नऊ. अर्थात त्या दोनवाल्या शाळेत मला निम्मी मुलं सापडलीच नव्हती. जी सापडली नाहीत त्यांचा गुन्हा कुठं मोजला जात नाही. सरांनी सगळी शोधून दिली, म्हणून सगळी मोजली गेली. हे कळल्यावर माझं डोकं पहिल्यांदा तडकलं. मग मी ते नऊ होय उघडून पाहिले. नऊही जणांचा गुन्हा क्रमांक एक, तारीख एक, ऑगस्ट दोन हजार बावीस.

हवालदारांना फोन लावला.

"एकच केस हाय ती," ते म्हणाले. "शिक्षणाच्या हापिसात लेकरं आणून बसवली व्हती. तिथंच शाळा भरवली. सरकारी कामात अडथळा."

मग मी नाक्यावर धाब्यावर सरांना गाठलं आणि सगळं विचारून घेतलं. सांगताना ते खाली बघत होते, जणू त्यांचीच काही लबाडी उघडी पडत होती. बावीसच्या आधीच्या वर्षी त्यांची बदली झाली. तेरा महिने तांड्याला पक्का शिक्षक नव्हता. कुणीतरी आठवड्यातून दोनदा यायचं आणि सही करून जायचं. लोकांनी अर्ज दिले. अर्ज लिहायला सरांचेच जुने विद्यार्थी पुढं, कारण लिहिता त्यांनाच यायचं. अर्जांचं काही झालं नाही. मग एक दिवस तांड्यानं शाळेला कुलूप ठोकलं, चौतीस मुलं टेम्पोत घातली आणि साहेबांच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात नेऊन बसवली. निलमनं दिवसभर पाढे घेतले. संध्याकाळी नऊ जणांवर गुन्हा दाखल झाला आणि विसाव्या दिवशी सर तांड्यावर परत आले.

"तवाच्या साहेबानं सांगितलं, मिटलं, जा," सर म्हणाले. "कागदावर मिटलं का, ते कोण बघतंय?"

मला इतका संताप आला की चहा तसाच राहिला. या शिक्षकासाठी नऊ पोरांनी गुन्हा अंगावर घेतला होता, आणि आमचा तक्ता म्हणत होता की हा माणूस गुन्हेगार घडवतो. मी मॅडमना फोन करून भांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सपना, मला पटतंय. पण प्रत्येक शाळेची गोष्ट वेगळी लिहीत बसलो तर मोजणार काय? एक तर हे आकडे आहेत तसे राहतील, नाही तर अपवाद म्हणून ही शाळा वगळू."

म्हणजे सर एक तर सगळ्यात वाईट, नाही तर नाहीतच. महिनाभर मी या आकड्यावरून मेल पाठवत राहिले. फार मोठ्या अन्यायाशी लढतेय असं मला वाटत होतं. त्याच महिन्यात खरी गोष्ट दुसरीकडं घडत होती आणि ती मीच घडवली होती.

तीन जूनला सकाळी सरांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"ताई, निलमला ठाण्यात बसवून ठेवलं. आणखी तिघांना पहाटेच तांड्यातून उचललं. तुमची तिथं वळख हाय ना? जरा बोला की."

मी उत्तमसिंग हवालदारांना फोन लावला. ते खुशीत होते.

"मॅडम, तुमच्या यादीनं मोठं काम झालं बघा. त्या केसमधी नऊ जण तीन वर्षांपासून फरार दाखवत व्हते. समन्स गेलं की घराला कुलूप, ऊसतोडीला गेलेले. वॉरंट तसंच पडून. आता मोहीम लागली, आन् फोन, पत्ता, समदं हाताशी. साहेबांनी शाबासकी दिली."

"निलमला कसं आणलं?" मी विचारलं.

"तिला कशाला आणावं लागते? तिची नोकरीची चारित्र्य पडताळणी आमच्याकडंच आलेली. म्हणलं, ओरिजिनल कागदं घेऊन या. आली. पेढे घेऊन आली."

मी फोन ठेवला. आई विचारत राहिली, कुणाचा फोन, काय झालं.

निलमला आणि त्या तिघांना दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. पण निलमच्या पडताळणीचा अहवाल गेला होता. गुन्हा प्रलंबित, आरोपी फरारी होती. शिक्षण खात्यानं कळवलं, सोळा तारखेला हजर होऊ नये. मी मॅडमना माझी चूक लेखी कळवली. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, चौकशी होईल, तू कामावर येऊ नकोस. शाळा अभ्यासातून वगळली गेली. एवढं सगळं मी केलं, फक्त कनेरगाव नाक्याच्या रस्त्याला लागायची हिंमत मला अकरा दिवस झाली नाही.

चौदा तारखेला गेले. सर शाळेत एकटेच होते. दर वर्षी उन्हाळ्यात शाळा उघडायच्या आधी तांड्यातली बायामाणसं येऊन शाळा झाडून, सारवून देत. त्या दिवशी सर एकटेच खराटा घेऊन फिरत होते. मला पाहून त्यांनी खुर्ची पुसली.

"तांडा माझ्याशी बोलंना, ताई," ते म्हणाले. "ठाण्यात त्या हवालदारानं निलमला मोबाईलवर कागद दाखवला. माझं अक्षर तिला कळंना व्हय? त्याच अक्षरावर ती शिकली. तिला वाटलं, गुरुजीनं धरून दिलं. मलाबी वाटते, यादी माझीच हाय तर चूकबी माझीच."

"सर, यादी मी पाठवली. फोटो काढून. द्यायची नाही असा नियम होता. मला तीनदा सांगितलं होतं."

त्यांनी खराटा भिंतीला टेकवून ठेवला.

"काहून?"

"घाई होती," मी म्हणाले. यापेक्षा खोटं काही बोलले असते तर बरं, असं वाटलं.

ते ओरडतील म्हणून मी वाट पाहिली. मग त्यांनी कपाटातून पहिलीच्या प्रवेशाचं रजिस्टर काढून काखेत मारलं.

"चला तांड्यात. हे मला सांगून भागत न्हाई."

निलमचं घर तांड्याच्या मधोमध. दारात तिची आई पारुबाई शेंगा फोडत बसलेली. सर आलेले पाहून तिनं पदर सावरला, पण 'या' म्हणाली नाही. शेजारून दोघं-चौघं आले. ज्यांच्या नावाचा तांडा ते म्हातारे पेमा नाईक काठी टेकत येऊन ओट्यावर बसले. निलम दाराच्या चौकटीत उभी राहिली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. यादी कशासाठी घेतली, कुणाला पाठवली, कशी पाठवली. सरांना यातलं काही माहीत नव्हतं, हे दोनदा सांगितलं.

कुणी मला शिवी दिली नाही. निलमनं विचारलं, "आमच्या नावापुढं तुमी काय लिवलं?"

"होय."

"आन् केस कशापायी झाली, ते लिवायला जागा व्हती का?"

"नाही."

मग ती माझ्याकडं पाठ करून सरांपुढं गेली. "बारा दिस मी तुमच्याकडं बघितलं न्हाई, गुरुजी," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचाही चष्मा ओला झाला. पारुबाईनं आतून बाज आणून टाकली आणि सरांना बसायला लावलं. पाणी आलं. मलाही दिलं. मला वाटलं, तिची नोकरी गेली ती गेली, पण निदान यांचं तुटलेलं जुळलं.

सरांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं.

"पारुबाई, नात सहा वर्षांची झाली ना? सांगा नाव. पहिल्या नंबरला तिलाच लिवतो."

पारुबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"गुरुजी, पोरीला धाडते. परवाच धाडते. तुमच्यावर राग न्हाई आमचा," ती म्हणाली. "पण नाव लिवू नका."

"नाव न्हाई तर पुस्तक न्हाई, खिचडी न्हाई. उद्या दाखला कसा देऊ तिला?"

"डबा मी देते. पुस्तकं निलमची जुनी हैत."

सर बाकीच्यांकडं वळले. तांड्यात त्या वर्षी पहिलीची सात मुलं होती. जमलेल्यांत त्यातल्या तिघांचे आईबाप होते. कुणी मान वर केली नाही. सर समजावत राहिले, की चौथीची बारा बाहेर गेली, आता पटावर एकोणीसच उरली. पट विसाच्या खाली गेला की शाळा बंद करायचं बोलून राहिले वरचे. लेकरं बसली तरी कागदावर दिसली पाहिजेत. पेमा नाईक म्हणाले, "कागदावर दिसलो म्हणूनच घावलो, गुरुजी."

मग सरांनी निलमकडं पाहिलं. याच शाळेसाठी तिनं साहेबांच्या व्हरांड्यात दिवसभर पाढे घेतले होते. ती सांगेल आता आईला, अशी त्यांची खात्री होती, आणि माझीही. निलमनं डोळे पुसले.

"नका लिवू, गुरुजी," ती म्हणाली.

सोमवारी सोळा तारखेला शाळा उघडली. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना म्हणून गेले आणि लिंबाखाली उभी राहिले. सातही नवी मुलं आली, तेल लावून, भांग पाडून. सरांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, नव्या पाट्या वाटल्या आणि हजेरी घ्यायला उभे राहिले. एकेका नावाला 'हजर' येत गेलं. एकोणीस नावं झाली आणि सरांनी हजेरीचं रजिस्टर मिटलं. पहिल्या रांगेत पारुबाईची नात, आपलं नाव येईल म्हणून, अजून हात वर करून बसली होती.